त्याच मापाचा दुसरा

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाबांच्या वस्तू एका ट्रेमध्ये मांडून माझ्यापुढे ठेवल्या आणि यादीवर सही करायला सांगितली. चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, पाकीट, घड्याळ, एक पान्हा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी खिशात पान्हा असायचाच. यादीतली शेवटची नोंद होती, 'पिशवी, ओली'.

ती ट्रेमध्ये मावत नव्हती म्हणून त्यांनी टेबलाखालून काढून दिली. आत जाळीच्या चार छोट्या कुंड्या होत्या. फिशटँकमध्ये लावायची झाडं. पानं ताठ, तकतकीत, इतकी ताजी की मला त्यांचा राग आला.

"बसथांब्यावर पडले तेव्हा हातात होती," नर्सबाई म्हणाल्या. "ज्यांनी त्यांना इथे आणलं त्यांनी हीपण आणून दिली. नाहीतर एवढं कोण करतं."

सकाळी साडेअकराला बाबा आईला "आलोच" म्हणून घरातून निघाले होते. दीड वाजता मला फोन आला. मी दुसऱ्या शहरात वाचनालयात काम करते, चार तासांच्या अंतरावर. पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या दिवसातलं मला नीट आठवतं ते एवढंच, की परतताना गाडीत ती पिशवी माझ्या मांडीवर होती, तिच्यातून पाणी झिरपत होतं आणि मी ती खाली ठेवली नाही.

तीन दिवस ती झाडं मागच्या बाल्कनीत बादलीत पडून राहिली. चौथ्या दिवशी येणारे-जाणारे ओसरले, घरात आई आणि मी दोघीच उरलो, तेव्हा मी बाह्या वर केल्या.

टँक बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या समोर. चार फूट लांब. मी नऊ वर्षांची असताना तो आला, म्हणजे त्याला सव्वीस वर्षं झाली. नातेवाइकांत त्याचा बोलबाला होता. कुणाच्या टँकमधली झाडं कुजायला लागली की बाबांना फोन यायचा आणि बाबा एका हाताने चहा ढवळत सांगायचे, "घाई करू नका. नवीन घरात रुळायला त्याला महिना द्या. मुळांना हात लावू नका." आत्या म्हणायची, दादाने काठी पाण्यात रोवली तरी तिला पालवी फुटेल. त्या टँकमध्ये एक पिवळं पान पाहिल्याचं मला आठवत नाही.

बाबांना लावणी करताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, स्वतः कधी केली नव्हती. कुंडी कापून काढली, मुळांभोवतीचा भुरकट कापूस चिमट्याने सोडवला, मुळं जरा छाटली आणि एकेक झाड वाळूत खोचलं. दोन तांबूस रुंद पानांची, एक रिबिनीसारखं, एक बुटकं. बुटकं तीनदा तरंगत वर आलं. चौथ्यांदा टिकलं. तेव्हा कोपरापर्यंत हात पाण्यात ठेवून मी तशीच उभी राहिले. पाणी कोमट होतं. बाबांनी लावलेला हीटर चालूच होता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही.

पाचव्या दिवशी तांबूस झाडाचं एक पान कडेने पारदर्शक झालं, तेलाचा डाग पडलेल्या कागदासारखं. दुसऱ्या दिवशी तशी चार पानं झाली. बोट लावलं तर पान बोटाला चिकटून आलं आणि त्याचा चिखल झाला. मग बाबांनी आधी लावलेली झाडंही त्याच वाटेने निघाली. आठवडाभरात टँकमध्ये तपकिरी पाणी, काड्या आणि त्यांच्यातून गोंधळून फिरणारे सहा मासे उरले. मी चोवीस तासांपूर्वीच्या फोटोशी आजचं पान ताडून बघायची. ही चार झाडं जगली पाहिजेत, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत नीट कळत होती. बाकी सगळं मला कोणीतरी दुसऱ्या खोलीतून सांगतंय असं वाटायचं.

आत्या आली ती थेट टँकपाशी गेली.

"वहिनी, हे बघितलंस का? मालक गेला, तर झाडंही निघाली मागोमाग."

आई कपबशा घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"काय गं," आत्या माझ्याकडे वळली, "पुस्तकात वाचून लावलीस का? तुझ्या बापाचा हात तुझ्यात थोडासुद्धा आला नाही बघ."

आत्याला लागेल असं बोलायचं नव्हतं. तिचं तोंड नेहमीच तिच्या दोन पावलं पुढे चालतं, आणि रडून रडून तिचेही डोळे सुजले होते. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर बसले. बाहेर आले तेव्हा आई दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. म्हणाली, "नळाचा आवाज फार मोठा येतो गं आपल्याकडे." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी झाडांच्या दुकानात गेले. ते बसथांब्यापासून दोन गल्ल्या आत आहे. मी समोरच्या फुटपाथवरून गेले.

दुकान चालवतात त्या पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. सगळे त्यांना बाई म्हणतात. रबरी एप्रन, कोपरापर्यंत भिजलेले हात, डोक्यावर चष्मा.

"मी लिफ्टवाल्यांची मुलगी," मी म्हणाले.

"वाचनालयवाली. ये. आणि बाबा कुठेत? आज येतील, उद्या येतील म्हणत होते मी. म्हटलं, सुधारले की काय शेवटी."

मी सांगितलं. त्यांचा हात एका टाकीत होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

"कधी?"

"इथून निघाले आणि... बसथांब्यावर."

"त्याच दिवशी? ती चार झाडं घेऊन?"

"हो."

बाईंनी मान टाकीकडे वळवली. मग म्हणाल्या, "मी त्यांना रागावले होते त्या दिवशी. म्हटलं, ह्या खेपेची मारलीत तर पुन्हा दुकानाची पायरी चढू नका."

मी ते वाक्य पुढे जाऊ दिलं. मला वाटलं, त्यांच्या मनात दुसरंच कुणी गिऱ्हाईक आहे. मी फोनमधले फोटो दाखवले आणि म्हणाले, "ही जगवायची आहेत मला. बाबांची सगळी जगायची. माझ्याच हातून मरतायत."

"त्यांची काय व्हायची?"

"जगायची."

बाईंनी हात बाहेर काढला, एप्रनला पुसला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. फोटोंकडे नाही, माझ्याकडे बघायला.

"मुली, तुझे बाबा माझे सगळ्यात नापास विद्यार्थी. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही झाड जगवलं नाही. एकही. दर तीन आठवड्यांनी नवीन न्यायचे."

दुकानात पंपांचा बुडबुड आवाज चालला होता. मी म्हणाले, "आमचा टँक नेहमी भरलेला असायचा."

"असणारच. मी भरत होते ना." त्यांनी एक कुंडी उचलून माझ्यासमोर धरली. "हे बघ. रोपवाटिकेत ह्यांची मुळं ओलीत असतात आणि पानं हवेत. ही हवेतली पानं. पाण्याखाली ह्यांचा उपयोग नाही. टँकमध्ये लावलं की झाड ती टाकून देतं. आठ-दहा दिवसांत सगळं झडतं, कुजतं, दिसायला अगदी घाण. पण मूळ जिवंत असतं. महिन्याभराने त्यातूनच पाण्यातली पानं येतात, वेगळी, अरुंद. तेवढा महिना कळ काढायची, बस. हे मी तुझ्या बाबांना किती वेळा सांगितलं असेल? ते उलट मलाच म्हणून दाखवायचे. तोंडपाठ होतं त्यांना सगळं."

"मग?"

"मग काय. पहिलं पान गळलं की झाड उपटून इथे हजर. म्हणायचे, बाई, लिफ्टचा दोर तुटेपर्यंत वाट बघायची नसते. एक तार सुटलेली दिसली की दोर बदलायचा. आयुष्यभर तेच केलं त्यांनी. म्हटलं, अहो, हे झाड आहे, दोर नाही. तर म्हणायचे, ते खरंय, पण त्याच मापाचं दुसरं आहे का?"

मी हसले असावे, कारण बाईंना धीर आला आणि त्या पुढे बोलल्या. "माशांचंही तेच. तो तुमचा काळा चपटा मासा. काय नाव ठेवलं होतंस?"

"दिवाणजी."

दिवाणजी नऊ वर्षं जगला. महत्त्वाचे कागद काखेत असल्यासारखा तो टँकमध्ये येरझारा घालायचा. मी शाळेत त्याच्यावर निबंध लिहिला होता. मी कॉलेजसाठी घर सोडलं त्या वर्षी तो गेला. तसं बाबांनी फोनवर सांगितलं, आणि मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले.

"पहिला तर तीन महिन्यांत गेला," बाई म्हणाल्या. "मेलेला बरणीत घालून आणला होता त्यांनी. मापाला. मुलगी शाळेतून यायच्या आत हवा म्हणाले. मी अर्धा दिवस दुकान बंद करून दुसरीकडून आणून दिला. असे पाच झाले की सहा? मला वाटलं, मोठी झाल्यावर तुला सांगितलं असेल त्यांनी."

"नाही."

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली.

मी बसले. मला काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. बाबा गेले हे मला अकरा दिवस कळत नव्हतं आणि त्यात काही नवल नव्हतं, एवढं मात्र त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आमच्या घरात कधी काही मेलंच नव्हतं.

बाईंनी कागदावर काय काय करायचं ते लिहून दिलं. मऊ पडलेली पानं बुडाशी कापा. पाणी दर तिसऱ्या दिवशी पाव टँक बदला. दिवा सहा तासच. चार गोगलगायी त्यांनी पिशवीत घालून दिल्या, सडकं खायला. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून: उपटून बघायचं नाही.

घरी आई खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. कपड्यांच्या दुकानाची अशी कामं ती वर्षानुवर्षं घरी करते. त्या आठवड्यात तिने कामाला पहिल्यांदाच हात लावला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं, आणि बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं.

तिने दाताने दोरा तोडला. "कपडे वाळत घालायला मागे मीच जाते ना. उपटलेलं सगळं बादलीत दिसायचं."

"आणि तू बोलली नाहीस."

"काय बोलायचं? रविवारी सकाळी ते लवकर उठायचे, मी झोपलेय असं बघून टँकमध्ये हात घालायचे. मी पडल्या पडल्या ऐकायचे. नंतर उठून म्हणायचे, आज छान दिसतोय हो टँक." तिने पँट उलटी केली. "तुझ्यासाठी सुरू केलं होतं. तू गेलीस, तरी चालू राहिलं. मला वाटतं, माझ्यासाठी. मी कधी विचारलं नाही."

"आणि दिवाणजी?"

"पहिला डाव्या बाजूला जरा तिरका पोहायचा," आई म्हणाली. "तुझ्या लक्षात आलं नाही, ह्याचं मला नवल वाटायचं."

त्यानंतरचा आठवडा मी कागदाबरहुकूम वागले. कात्रीने पानं कापली. पाणी बदललं. सगळी झाडं इतकी झडली की वाळूत नुसती खुंटं उरली. दिवसातून दहा वेळा मला त्यातलं एखादं उपटून बघावंसं वाटायचं, आणि मी हात मागे घट्ट धरून उभी राहायची. रजा संपत आली होती. ही चार खुंटं अशीच टाकून जायचं आणि आईवर सोपवायचं, ह्याचा विचारही मला नको वाटायचा. आई जाता-येता टँकच्या बाजूला मान वळवत नसे.

बाबांच्या दाखल्यासाठी एक दिवस मी सरकारी कचेरीत गेले. सकाळी दहाला गेले, चारला परत आले. दार उघडलं आणि टँक हिरवागार होता.

मी चपला काढायच्या विसरले. पुढे लाल पानं, मागे उंच रिबिनी, मध्ये बुटक्यांची रांग. पाणी स्वच्छ. दिवा लावलेला. सगळं तसंच, अगदी सव्वीस वर्षं होतं तसंच. क्षणभर मला वाटलं, आता बाबा आतून येतील आणि चहा मागतील. हे मी लिहिते आहे तितक्या सहज वाटलं. मग मी आईला बघितलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, बाह्या भिजलेल्या, हातात बाबांचा चिमटा.

"छान दिसतोय ना?" ती म्हणाली.

"तू काय केलंस?"

"बाईंकडे गेले होते. त्या देत नव्हत्या. म्हटलं, लेक चाललीये माझी परवा."

"आई, ती बाबांनी आणलेली होती. शेवटची."

"मेली होती गं ती."

"मेली नव्हती! सांगितलं होतं मी तुला, मुळं जिवंत असतात म्हणून. कुठे टाकलीस?"

"तू न्हाणीघरात जाऊन बसतेस," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नळ सोडून. मला काय ऐकू येत नाही? त्या दिवशी ही बया येऊन म्हणाली, मालकामागोमाग निघाली म्हणून. तुला रोज त्या खुंटांसमोर उभी राहिलेली बघायची मी. म्हटलं, निदान जाताना तरी तुला बरं दिसावं."

मी बाल्कनीत गेले. बादली धुऊन पालथी घातलेली होती. बाबांपेक्षा आई नीटनेटकी. कचऱ्याच्या डब्यात, भाज्यांच्या सालींखाली, वर्तमानपत्राची पुडी होती. मी ती तिथेच फरशीवर उलगडली. काळपट लगदा, वाळू, मुळांचे गुंते. वीसेक खुंटं असतील. कुठली बाबांची शेवटची चार आणि कुठली आधीची, ते आता ओळखू येत नव्हतं. मी एकेक हातात घेऊन बघितलं. कधीच ओळखू येणार नव्हतं.

आई मागे येऊन उभी राहिली. मग खाली बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. चष्मा लावला.

"कशी ओळखायची जिवंत?"

"मूळ पांढरं असेल आणि दाबून घट्ट लागलं तर जिवंत."

"हे?"

"मऊ आहे. गेलं."

"हे?"

मी दाबलं. मला कळेना. तिने माझ्या हातातून घेतलं आणि अंगठा नि तर्जनीमध्ये फिरवून बघितलं. आयुष्यभर कापड बोटांनी पारखलेली बाई. "घट्ट आहे," म्हणाली. "ह्या बाजूला ठेव."

आम्ही सात बाजूला काढली. आईने स्वतःच टँकमधून नवीन झाडं उपसली. पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी बाईंना परत देऊन आली. बाई तिला काय म्हणाल्या ते तिने मला सांगितलं नाही. सात खुंटं मी रिकाम्या वाळूत अंतरा-अंतराने लावली. टँक नांगरून सोडलेल्या जमिनीच्या तुकड्यासारखा दिसत होता. आई सोफ्यावर बसून ते बघत होती. एकदा उठली, आत गेली, परत येऊन बसली.

"मला बघवत नाही गं," ती म्हणाली.

"मलापण नाही."

"त्यांना तर नव्हतंच." तिने डोळे पुसले नाहीत. बाबा गेल्यापासून मी तिला माझ्यासमोर रडताना पहिल्यांदाच बघत होते. तीही मला बघत होती. कोणी नळ सोडायला उठलं नाही.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मी निघाले. आम्ही रोज फोनवर बोलायचो: जेवलीस का, झोप लागली का, आत्या आली होती का. मी झाडांचं विचारत नसे. ती बरी आहेत असं ती म्हणेल आणि मला ते खरं मानता येणार नाही, ह्याची मला भीती वाटायची.

पंधरा दिवसांनी, भर कामाच्या वेळेला, वाचनालयात फोन वाजला. आई दुपारी कधी फोन करत नाही. मी कपाटांच्या दोन रांगांमध्ये शिरले.

"काय झालं?"

"एक गेलं," आई म्हणाली. "कोपऱ्यातलं. सकाळी बघितलं तर नुसता लगदा. मी काढून टाकलं."

मी समोरचं एक पुस्तक रांगेत आत ढकललं.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. आणि त्या जागी?"

"त्या जागी काही नाही लावलं," ती म्हणाली. "वाळू आहे."